होसिया पेटिग्रू उठले की आमेन

माउंट नीबो बॅप्टिस्ट चर्चमधला रविवारचा उपदेश सुरू करण्याचा अधिकार रेव्हरंड स्टोवॉल यांचा होता. तो संपवण्याचा अधिकार मात्र होसिया पेटिग्रू यांच्याकडे होता. निदान मे ते सप्टेंबर या महिन्यांत तरी. बेल्फोर्डच्या काळ्या वस्तीत ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती आणि कोणालाही तिच्यात वावगे वाटत नसे. तिसऱ्या बाकाच्या कडेला बसलेले होसिया बाराच्या सुमारास उठत, कोटाची बटणे लावत, हॅट छातीशी धरत आणि पाय न वाजवता मधल्या वाटेने बाहेर पडत. त्यांच्या जाकिटाच्या खिशात बेसबॉलच्या मैदानाच्या फाटकाची किल्ली असे. ते दारापाशी पोचेपर्यंत रेव्हरंड, मग ते मोशेबरोबर डोंगरावर असोत की दानीएलाबरोबर सिंहांच्या गुहेत, दोन-तीन वाक्यांत सुखरूप खाली उतरत आणि आमेन म्हणत.

ही रीत कोणी ठरवून पाडलेली नव्हती. पहिल्या वर्षी होसिया असेच मध्येच उठले तेव्हा सगळ्या चर्चने माना वळवल्या होत्या. रेव्हरंड क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ब्रदर पेटिग्रू उठले. म्हणजे आज योनाला माशाच्या पोटात फार वेळ ठेवण्यात अर्थ नाही." चर्च हसले, आणि त्या हसण्यातून रूढी जन्माला आली. मोठ्या हॅटी घातलेल्या बायका, पांढऱ्या हातमोज्यांतले स्वयंसेवक, खळ घातलेल्या कॉलरी सांभाळणारे पुरुष, सगळे जण चर्चमधून निघून घरी न जाता डेपो स्ट्रीटने तडक मैदानाकडे चालू लागत. अलाबामातल्या त्या गावात काळ्या माणसाला आपले म्हणता येईल अशा जागा दोनच होत्या. पहिल्या जागेचे उत्तम कपडे अंगावर असताना ते दुसऱ्या जागेत जाऊन बसत.

होसिया ब्लू स्टार्स या संघाचे मालक होते. पण ते मालक कसे झाले हे सांगताना ते नेहमी म्हणत, की आधी कपडे आले, माणसे नंतर आली.

रेल्वे डेपोच्या मागे त्यांची लाँड्री होती. गोऱ्या घरांतले शर्ट, हॉटेलच्या चादरी, डॉक्टरांचे कोट तिथे येत. लाकडाच्या गिरणीतल्या काळ्या मजुरांचा एक संघ होता, त्याचे गणवेशही दर सोमवारी धुवायला पडत. मंदीच्या दुसऱ्या वर्षी गिरणी बंद झाली. मजूर कामाच्या शोधात मिळेल त्या दिशेने निघून गेले आणि धुऊन, इस्त्री करून, खाकी कागदात बांधलेले गणवेश फळीवर तसेच राहिले. लाँड्रीच्या धंद्यातला नियम असा, की वर्षभर कोणी नेले नाहीत तर कपडे दुकानदाराचे. एरवी अशा कपड्यांच्या चिंध्या होतात. इडेल्ला, म्हणजे होसियांची बायको, म्हणाली होती की त्या जाड कापडाचे एप्रन चांगले होतील. होसियांनी वर्ष पुरे होऊ दिले, गाठोडे सोडले आणि कपड्यांना वारा लागावा म्हणून ते मागच्या दोरीवर टांगले.

समोरच्या रस्त्यावर क्विलियनचे न्हाव्याचे दुकान होते. दोरीवर एका ओळीत फडफडणारे रिकामे गणवेश पाहून तो हातातला वस्तरा तसाच घेऊन बाहेर आला.

"कोण खेळतंय?" त्याने विचारले.

"अजून ठरायचंय," होसिया म्हणाले.

त्या उन्हाळ्यात त्यांनी कापसातली सरकी काढणाऱ्या जिनातून, विटांच्या भट्टीवरून, डेपोतल्या हमालांतून माणसे गोळा केली आणि कपड्यांत भरली. जिनामागची खोलगट जमीन त्यांनी भाड्याने घेतली, बंद गिरणीच्या टाकाऊ फळ्यांतून स्टँड उभारला. नीळ ते थोडी जास्तच घालत. उन्हात पांढऱ्या कपड्यांवर निळसर झाक दिसे; त्यावरून संघाला नाव पडले.

क्विलियन कर्णा घेऊन सामन्याची हकीकत सांगायला बसे. अलाबामाची माती लाल. एखादा खेळाडू पोटावर घसरत बेस गाठी तेव्हा छातीपासून गुडघ्यापर्यंत रंगून निघे. क्विलियन कर्ण्यातून गंभीरपणे जाहीर करी, "पोचला. मिस्टर होसियांचा सोमवार गेला." स्टँड हसे, आणि फाटकाशी उभे असलेले होसिया खरोखरच खिन्न होत. संघ बाहेरगावी जाई तेव्हा बसमध्ये बॅटींच्या जोडीला कपडे वाळवायची दोरी असे. वाटेत कुठल्या हॉटेलात बसून जेवता येत नसे, म्हणून इडेल्ला बुटांच्या खोक्यांत तळलेली कोंबडी आणि केक भरून देई. एका गावात दुसऱ्या दिवशी पुन्हा सामना होता आणि कपडे धुवायला कोणी आपला नळ देईना. होसियांनी ओढ्यावर बसून सगळे गणवेश स्वतः धुतले, बस आणि झाड यांच्यामध्ये दोरी बांधली, आणि खेळाडू अंगावर चादरी गुंडाळून गवतात पत्ते खेळत बसले. संघ चालवणे म्हणजे काय, हे कोणी विचारले की ते एवढीच गोष्ट सांगत.

मालक हा शब्द त्यांना आवडत नसे. त्यांच्या आजोबांच्या तोंडी त्या शब्दाला वेगळा अर्थ होता आणि तो घरात कोणी विसरले नव्हते. ते म्हणत, "मी कपड्यांचा मालक. आतली माणसं आपापली आहेत." म्हणून खेळाडूंशी त्यांनी कधी लेखी करार केला नाही. दर वसंत ऋतूत खेळाडू लाँड्रीत येई, गिऱ्हाईक उभे राहते तिथे उभा राहून हात पुढे करी, होसिया तो हातात घेत आणि मग फळीवरून त्याचे गाठोडे काढून देत. एवढ्यावर मोसम बांधला जाई.

सिसरो फाउंटन १९४६ साली आला. एकोणीस वर्षांचा, जिनात गठ्ठे उचलणारा, बोलायला लाजरा. होसियांनी त्याला दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली, शॉर्टस्टॉपची जागा दिली. तिथे चेंडू सर्वांत वेगाने आणि सर्वांत फसवा येतो. खेळाडू ओळखण्याची होसियांची स्वतःची एक रीत होती आणि ती मैदानावरची नव्हती, सोमवारच्या धुण्यातली होती. ज्याचे गुडघे लाल, तो चेंडूपाशी उशिरा पोचतो. ज्याची पाठ लाल, तो घाबरतो. सिसरोचे कपडे पहिल्या सोमवारी पाण्यात बुडवताना ते थांबले. गुडघे पांढरे होते. डाव्या बाहीच्या टोकाला, चेंडू वेचताना जमीन घासते तिथे, तेवढी बोटभर माती होती. त्यांनी इडेल्लाला हाक मारून तो कपडा दाखवला. तिला त्यात काही दिसले नाही. पण नवरा एवढा आनंदलेला तिने फार दिवसांत पाहिला नव्हता, म्हणून तिने त्या रविवारी मुलाला जेवायला बोलावले.

पुढच्या वर्षी, गोऱ्यांच्या मोठ्या संघात पहिला काळा खेळाडू उतरला. त्यानंतरच्या रविवारी माउंट नीबोमध्ये लोक रडले. होसिया उभे राहून आमेन म्हणाले आणि त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. ज्यासाठी आयुष्यभर प्रार्थना केली ते होताना पाहणे फार थोड्यांच्या वाट्याला येते. झालेल्या गोष्टीची किंमत कोणत्या घरातून वसूल होणार, हा विचार अशा वेळी कोणाच्या मनात येत नाही, येऊही नये.

१९५०च्या उन्हाळ्यात एक गोरा माणूस लाँड्रीत आला. होसियांच्या निम्म्या वयाचा असेल. तो उत्तरेकडच्या एका मोठ्या संघासाठी खेळाडू हेरत फिरत असे.

"ऐक होसिया," तो म्हणाला, "तो फाउंटन तुझ्याकडे खेळतो ना? त्याच्याशी काही कागद केलायस का तू?"

"आमच्यात कागद नसतो, सर. हातावर हात असतो."

"मग काही अडचण नाही," तो माणूस म्हणाला. तो मनापासून खूश झाला होता. त्याच्या बोलण्यात कपट नव्हते; समोर कोणी हक्कदार उभा आहे ही शंकाच त्याला आली नव्हती.

क्विलियनने हे ऐकले तेव्हा तो गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण तसाच सोडून आला. कागद आहे म्हणून सांगायचे होते, हे त्याचे म्हणणे. गोऱ्यांच्या छोट्या संघातून खेळाडू उचलतात तेव्हा मालकाला विचारतात, त्याचे देणे देतात. मग इथेच काय झाले? "अरे लेका, कागदच हवा होता तर मी संध्याकाळपर्यंत करून आणला असता," तो म्हणाला.

"चिठ्ठी टाचून कपडा ठेवून घेता येतो, क्विलियन. माणूस नाही."

"ठेवून घे असं कोण म्हणतंय? जाऊ दे त्याला, मीच डेपोवर पोचवतो. पण दारात उभा तरी राहा. हे कोणाचं तरी घर आहे एवढं तरी कळू दे त्यांना."

होसिया शर्टांच्या ढिगाकडे वळले. त्या गोऱ्या माणसापुढे आपण गप्प राहिलो ते तत्त्वामुळे की त्याच्या तोंडच्या 'होसिया'मुळे, हे त्यांना त्या दिवशी ठरवता आले नाही आणि पुढेही कधी आले नाही. तत्त्व आणि जुनी भीती एकाच घरात वाढली की त्यांचे चेहरे सारखे होतात. एक मात्र त्यांना स्वच्छ दिसत होते. सिसरोच्या वाटेत त्यांनी बोटभर जरी अडसर घातला असता, तर ज्या दिवसासाठी ते मोठ्याने आमेन म्हणाले होते त्याच दिवसाच्या आड ते उभे राहिले असते.

निघण्याच्या सकाळी सिसरो आपला गणवेश घेऊन आला. तो धुतलेला नव्हता, याची त्याला लाज वाटत होती.

"धुणं माझं काम," होसिया म्हणाले. त्यांनी गणवेश घेतला, त्याच्यावर तारखेची चिठ्ठी टाचली.

"मी येईन परत, मिस्टर होसिया," सिसरो म्हणाला. "एक रविवार तरी. ह्याच कपड्यात."

होसियांनी हात पुढे केला. निरोप देताना त्यांनी कोणाही खेळाडूपुढे हात केला नव्हता; तो हात मोसमाच्या सुरुवातीचा असे. सिसरोला ते कळले. त्याने तो दोन्ही हातांत धरला आणि मग तो गाडीसाठी पळाला. त्या दिवसापासून होसिया त्या एका रविवाराची वाट पाहू लागले.

दोन वर्षे छोट्या गावांच्या संघांतून चढत चढत सिसरो मोठ्या संघात पोचला. आता क्विलियनच्या दुकानात रेडिओभोवती गर्दी असे. दाढीला आलेली माणसे दाढी झाल्यावरही उठत नसत. मैदानातल्या फळ्या मात्र मोकळ्या पडू लागल्या. आधी कडेच्या गेल्या, मग मधल्या. कोणी संघाशी भांडले नव्हते. ज्याला त्याला एवढेच वाटे, की आपण एक दिवस नाही गेलो तर काय होते, बाकीचे जातीलच. इडेल्ला फाटकाशी तळलेल्या माशांचे सँडविच विकत असे. उरलेले सँडविच घरी येऊ लागले आणि रविवारी रात्री ती दोघे तेच खाऊ लागली.

१९५३च्या जूनमध्ये रेव्हरंडांनी जाहीर केले की चर्चतर्फे उत्तरेतल्या सिन्सिनाटी शहराला खास गाडी जाणार. शनिवारी संध्याकाळी निघायचे, रविवारी सिसरोचा खेळ पाहायचा, सोमवारी परत. चर्चमध्ये टाळ्या पडल्या. "आणि पहिल्या डब्यात पहिल्या खिडकीशी," रेव्हरंड म्हणाले, "ब्रदर पेटिग्रू बसतील."

त्या रविवारी ब्लू स्टार्सचा घरच्या मैदानावर टस्कंबियाच्या संघाशी सामना ठरलेला होता. चर्चमध्ये ही गोष्ट एकट्या होसियांच्या ध्यानात होती. त्यांनी ती तिथे बोलून दाखवली नाही. घरी इडेल्लाने विषय काढला. लग्नाला तीस वर्षे होऊनही ती त्यांना आडनावानेच हाक मारी.

"पेटिग्रू, तुम्ही जा. एक दिवस फाटक क्विलियन उघडेल."

"क्विलियन गाडीत आहे."

"मग एक दिवस ते बंद राहील."

होसिया खिशातली किल्ली चाचपत राहिले. तो मुलगा त्या विस्तीर्ण हिरव्या मैदानावर कसा दिसत असेल हे पाहण्याची त्यांना किती ओढ होती, हे इडेल्लाला सांगावे लागत नव्हते. झोपेत ते सामन्याची हकीकत बडबडत. पण सामना जाहीर झाला होता. टस्कंबियाची माणसे बसमध्ये खोकी भरून निघणार होती. ती आली आणि फाटक बंद दिसले, तर त्या दिवशी काय संपेल हे होसियांना ठाऊक होते.

"तू जा," ते शेवटी म्हणाले. "माझ्यासाठी बघून ये. त्याचे गुडघे बघ."

त्या रविवारी चर्च बंद होते. रेव्हरंडच गाडीत होते. उठायला बाक नव्हता, तरी होसियांनी बाराच्या सुमारास फाटक उघडले. डेपोतला एक म्हातारा हमाल आला, दोन विधवा बहिणी आल्या, टस्कंबियाच्या खेळाडूंची काही मंडळी आली. गणवेश नेहमीसारखे कडक आणि निळसर होते. सामना चालला होता आणि मध्येच, काही कारण नसताना, ब्लू स्टार्सच्या बाकावरून आरोळी उठली. बॅट घेऊन उभा असलेला त्यांचाच गडी दचकून मागे वळला. बाकाखाली कोणीतरी लहान रेडिओ लपवून आणला होता. सिन्सिनाटीत सिसरोने चेंडू भिंतीपार मारला होता.

होसिया फाटक सोडून बाकापाशी आले. पोरांनी रेडिओ बंद केला आणि माना खाली घातल्या.

"लाव," ते म्हणाले, आणि स्वतःच्या सामन्याकडे पाठ होऊ नये अशा बेताने तिरके उभे राहून ऐकू लागले.

सोमवारी इडेल्ला डेपोवरून तडक लाँड्रीत आली. हॅट न काढताच तिने सांगितले, "पांढरे होते. शेवटपर्यंत पांढरे होते." मग तिने बाकीचे सांगितले. सामना संपल्यावर सिसरो स्टँडच्या कठड्यापाशी आला होता. बेल्फोर्डच्या सगळ्यांशी हात मिळवून झाल्यावर त्याने विचारले, मिस्टर होसिया कुठे आहेत. ती म्हणाली, फाटकावर. निघताना तो म्हणाला, ऑक्टोबरात येतो.

होसियांनी त्या दिवशी, सिसरो गेल्यापासून पहिल्यांदा, त्याच्या गाठोड्यावरची चिठ्ठी पाहिली. ती तीन वर्षांपूर्वीची होती. धंद्याच्या नियमाने तो गणवेश केव्हाच दुकानाचा झाला होता. त्यांनी जुनी चिठ्ठी काढली आणि नव्या तारखेची लावली.

ऑक्टोबरातला रविवार त्यांनी वस्तीभर जाहीर केला. गणवेश पुन्हा धुतला, नीळ दिली, खळ दिली, इस्त्री केली. शनिवारी दुपारी सिसरो करड्या सुटात लाँड्रीत आला. अंगाने भरला होता. लाजरेपणा तसाच होता. होसियांनी गाठोडे सोडून कपडे त्याच्यापुढे मांडले. सिसरोने ते पाहिले आणि हात पुढे केला नाही.

"मला घालता येत नाही, मिस्टर होसिया."

"घट्ट होतील म्हणतोस? शिवण सोडता येईल."

"तसं नाही. तिथे कागद आहे. त्यांच्या परवानगीशिवाय कुठे खेळायचं नाही असं लिहिलंय. मी विचारलं त्यांना. दोनदा विचारलं."

"एक रविवारसुद्धा नाही?"

"एक चेंडूसुद्धा नाही." तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "तिथेही हातावर हातच असता, तर मी आलो असतो."

"हातावर हातच असता," होसिया म्हणाले, "तर उद्या त्यांनी तुला सहज काढून टाकलं असतं. कागद आहे ते बरं आहे." त्यांनी बाह्या घडीत आत घेतल्या, मूळ घडीवरच पुन्हा घडी घातली. "तू ये मात्र. येऊन बस."

दुसऱ्या दिवशी होसिया चर्चमध्ये उठले, रेव्हरंड आमेन म्हणाले आणि डेपो स्ट्रीट पूर्वीसारखा भरून वाहिला. स्टँडमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. इडेल्लाचे सँडविच सामना सुरू होण्याआधीच संपले. क्विलियनने कर्णा पुसला. मधल्या ओळीत करड्या सुटातला सिसरो बसला होता, आणि सगळा स्टँड त्याच्याकडे तोंड करून बसला होता. पुढच्या फळ्यांवरची माणसे तर पूर्ण वळली होती. त्यांच्या पाठी मैदानाकडे होत्या. क्विलियन कर्ण्यातून बोलत होता तोही सिसरोशीच.

होसियांनी ज्याची इतकी वाट पाहिली होती तो रविवार आला होता आणि तो फाटकातून आत येऊन उलट्या बाजूला तोंड करून बसला होता.

चौथ्या डावात नव्या शॉर्टस्टॉपने, विटांच्या भट्टीवरच्या एका काटक मुलाने, डावीकडे झेपावून एक चेंडू अडवला, गुडघ्यावर बसल्या बसल्याच पहिल्या बेसकडे फेकला आणि गडी बाद केला. उत्तम होते ते. स्टँडमधून आवाज आला नाही, कारण कोणी पाहिलेच नव्हते. फाटकाशी उभे असलेल्या होसियांनी एकट्याने टाळ्या वाजवल्या. आणि मग त्यांना दिसले, की त्या सगळ्या गर्दीत मैदानाकडे पाहणारा आणखी एक माणूस आहे. लोकांच्या हॅटींमधून, खांद्यांमधून वाट काढत सिसरोची नजर त्या मुलावर खिळली होती. त्याचा डावा हात मांडीवर पालथा पडला होता आणि चेंडू जिथे आला होता त्या दिशेला हळूच, जमीन घासावी तसा, सरकला होता. त्याने वर पाहिले. दोघांची नजरानजर झाली. मध्ये सगळे गाव होते.

पुढच्या वसंतात हात मिळवायला विटांच्या भट्टीवरचा तो मुलगा तेवढा आला. होसियांनी त्याचा हात हातात घेतला, मग त्याला खुर्ची दिली आणि सांगितले की या वर्षी संघ नाही. तो म्हणाला, ठीक आहे, मी डेट्रॉइटला चुलत्याकडे जाईन. होसियांनी सगळे गणवेश खाकी कागदात बांधून फळीवर ठेवले. जिनाच्या जमिनीचे भाडे पुन्हा भरले नाही. रेव्हरंडांना त्यांनी मुद्दाम काही सांगितले नाही. बेल्फोर्डमध्ये अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी ते तिसऱ्या बाकाच्या कडेला बसले होते. रेव्हरंड नहेम्याबरोबर यरुशलेमची पडलेली भिंत बांधत होते. बारा वाजत आले. होसिया बसून राहिले. रेव्हरंडांनी भिंत पुरी केली, मग तिची फाटके सांगितली, मग प्रत्येक फाटकावर कोणाचे घराणे पहारा देत होते ते सांगितले. मधूनमधून त्यांचे डोळे तिसऱ्या बाकाकडे जात आणि परत येत. हातपंखे जोरात हलू लागले. भिंत संपल्यावर रेव्हरंड एज्राकडे वळले, एज्रा संपल्यावर त्यांनी पुन्हा भिंतीचा एक कोपरा राहिला होता तो घेतला. त्यांच्या कॉलरीची खळ घामाने उतरली होती. वीस उन्हाळे त्यांनी उपदेश एकाच खुणेवर संपवला होता, आणि मेमधल्या त्या उजेडात, उघड्या खिडक्यांतून जिनाचा वास येत असताना, त्या खुणेवाचून खाली कसे उतरायचे हे त्यांना आठवत नव्हते.

"पेटिग्रू," इडेल्ला कुजबुजली, "उठा. त्या माणसाला खाली उतरवा."

"सामना नाहीय, इडेल्ला."

"ठाऊक आहे त्याला. संपवायचं कसं तेवढं ठाऊक नाही."

होसिया उठले. त्यांनी कोटाची बटणे लावली, हॅट छातीशी धरली आणि पाय न वाजवता मधल्या वाटेने निघाले. सवयीने हात जाकिटाच्या खिशाकडे गेला. किल्ली तिथेच होती. ते दारापाशी पोचले तेव्हा पाठीमागून रेव्हरंडांचा आमेन आला, आणि त्यात एवढी सुटका होती की दोन-तीन जण हसले.

माणसे बाहेर पडली. हॅटी, हातमोजे, कॉलरी डेपो स्ट्रीटला लागल्या आणि लाँड्रीच्या वळणापर्यंत गेल्या. तिथे पुढच्यांचे पाय थांबले, मग मागच्यांचे. लाँड्रीमागची दोरी रिकामी होती. क्विलियनने तिच्याकडे पाहिले, होसियांकडे पाहिले, आणि हॅट काढली. थोड्या वेळाने दोघे-दोघे, तिघे-तिघे करून लोक घरी वळले. इडेल्लाही पुढे गेली. नवऱ्याला केव्हा एकटे सोडावे हे तिला कळत असे.

होसियांनी आजवर रविवारी दुकान उघडले नव्हते. त्या दिवशी उघडले. आत गार होते आणि शनिवारच्या वाफेचा ओला वास होता. फळीवरच्या गाठोड्यांतून त्यांनी सिसरोचे काढले. चिठ्ठीवरचे वर्ष भरायला अजून काही आठवडे होते. त्यांनी हॅट काढून बाजूला ठेवली, चिठ्ठी सोडवली, पेन्सिलीला टोक केले आणि नव्या चिठ्ठीवर त्या रविवारची तारीख घातली.